घरपोच ‘सिनियर सिटिझन व्हिटॅमिन पॅकेज’, नागपूर: बी-१२ साठी घ्या, बाकी यादी फुगवलेली आहे

धंतोली-रामदासपेठेतल्या मोठ्या लॅबपासून मानेवाडा-नंदनवनातल्या छोट्या कलेक्शन सेंटरपर्यंत सगळीकडे सध्या ज्येष्ठांसाठी एक ठरलेलं पॅकेज विकलं जातं. नावं वेगवेगळी, आतला माल जवळपास तोच. ‘साठ-पासष्ट तपासण्या’, त्यात बी-१२, डी, थायरॉइड, साखर, कोलेस्टेरॉल. फोन केला की सकाळी सातला लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त नेतो आणि रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येतो. अलीकडे त्यावर ‘स्मृतिभ्रंशाचा धोका वेळीच ओळखा’ अशी ओळही चिकटवलेली दिसते. हे परीक्षण कुठल्या एका लॅबचं नाही, या प्रकारच्या पॅकेजचं आहे.

मत आधीच सांगतो. आई-बाबा साठीच्या पुढचे असतील आणि शाकाहारी असतील, किंवा बरीच वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन अथवा ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल घेत असतील, तर यातली बी-१२ ची तपासणी एकदा तरी व्हायलाच हवी. डी ची तपासणी ठीक आहे, पण बऱ्याच घरी तिच्यावाचून अडत नाही. उरलेल्या यादीतलं निम्मं भरताड आहे. आणि स्मृतिभ्रंश होणार की नाही हे या कागदावरून कळत नाही.

‘पासष्ट’ हा आकडा कसा तयार होतो ते पाहा. एका सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, वीसेक आकडे निघतात, लघवीच्या तपासणीत पंधरा-वीस, लिव्हरचे दहा-बारा, लिपिडचे (कोलेस्टेरॉल वगैरे) सात-आठ. म्हणजे चार तपासण्यांतच पन्नाशी गाठली. विसरणं वाढलेल्या माणसाला खरोखर उपयोगी पडणारी यादी याहून आखूड आहे: सीबीसी, बी-१२, टीएसएच (थायरॉइड), सोडियम, कॅल्शियम, क्रिएटिनिन (किडनी), लिव्हर आणि साखर. यातलं काहीही बिघडलं तरी म्हातारं माणूस गोंधळतं, सुस्तावतं, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतं, आणि यातलं बरंचसं औषधाने सुधारतं. गंमत म्हणजे सोडियम आणि कॅल्शियम पुष्कळ पॅकेजांत नसतातच. त्यांच्या जागी व्हिटॅमिन ए, ई, जड धातू, संधिवाताचा फॅक्टर, कधी कॅन्सरचे मार्कर घातलेले असतात. लक्षण नसताना हे मार्कर करू नयेत. ‘नॉर्मल’ची मर्यादा साधारणपणे निरोगी माणसांपैकी ९५ टक्के आत बसतील अशी ठरवतात. त्यामुळे एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के असते. मग त्या लाल आकड्यामागे धावपळ सुरू होते.

तरी हिशोब असा की बी-१२ आणि डी सुट्या केल्या तर जेवढे पैसे होतात, तेवढ्यात बहुतेक वेळा अख्खं पॅकेज येतं. तेव्हा पॅकेज घ्यायला हरकत नाही. बुकिंग करताना सोडियम आणि कॅल्शियम आहे का ते विचारा, नसेल तर तेवढं जोडून घ्या आणि मार्कर काढायला सांगा.

आता बी-१२. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण टिकवायला आणि रक्तपेशी तयार व्हायला ते लागतं. कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन नावाचं अमिनो आम्ल वाढतं. लक्षणं विसरण्यापासूनच सुरू होतील असं नाही. तळपायांना मुंग्या, चालताना पायाखाली गादी असल्यासारखं वाटणं, अंधारात तोल जाणं, बेसिनवर डोळे मिटून तोंड धुताना झोक जाणं, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, चिडचिड. घरात याला ‘वयच झालं आता’ म्हणतात आणि वर्ष निघून जातं. त्रास काही महिन्यांचाच असेल तर उपचाराने चांगला फरक पडतो. वर्षानुवर्षांचा असेल तर बिघाड पुढे जायचा थांबतो, पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.

कमतरता कुणाला होते? बी-१२ फक्त प्राणिज पदार्थांत असतं. कपभर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम, एका अंड्यात अर्धा. मोठ्या माणसाची रोजची गरज दोन मायक्रोग्रॅमच्या जरा वर. म्हणजे दोन कप दूध आणि वाटीभर दही रोज पोटात जात असेल तर शाकाहाऱ्याचंही कागदोपत्री भागतं. पण बहुतेक आजींच्या पोटात जातं ते दोन वेळचा अर्धा कप चहा, त्यात चमचाभर दूध. शिवाय वय वाढलं की जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. त्यामुळे रविवारी सावजीकडे कलेजी खाणाऱ्या आजोबांचंही कमी निघू शकतं. मेटफॉर्मिनने आतड्यातलं शोषण घटतं, पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्यांनी आम्ल आणखी कमी होतं. नागपुरात साठीच्या पुढे या दोन्ही गोळ्या एकाच डब्यात असणारी माणसं घरोघर सापडतील. संत्र्याचा इथे काही उपयोग नाही. संत्र्यात क आहे, फोलेट आहे. बी-१२ नाही आणि डी ही नाही.

रिपोर्ट वाचताना पहिली गफलत मर्यादेची. एका कंपनीच्या मशिनवर बी-१२ ची खालची हद्द १९७ पिकोग्रॅम असते, दुसऱ्या कंपनीच्या मशिनवर २११. बाबांचं २०५ आलं तर एका लॅबमध्ये काळ्या अक्षरात, दुसरीकडे लाल. डॉक्टर ढोबळमानाने २०० च्या खाली कमतरता धरतात आणि २०० ते ३०० ला काठावरचं म्हणतात. काठावर असून मुंग्या किंवा तोल जाण्याचा त्रास असेल तर ‘नॉर्मल’ छापलंय म्हणून कागद ठेवून देऊ नये. पुढची तपासणी म्हणजे मिथाइलमॅलोनिक आम्ल किंवा होमोसिस्टीन. काही लॅब ‘ॲक्टिव्ह बी-१२’ही करतात. आणि पुन्हा तपासायचं असेल तर त्याच लॅबमध्ये तपासा, नाहीतर दोन मशिनमधला फरक औषधाचा गुण म्हणून मोजला जातो.

दुसरी गफलत विदर्भात जास्त संभवते. बी-१२ कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) १०० च्या पुढे जातो, हे पाठ्यपुस्तकातलं. पण लोह कमी असेल किंवा थॅलेसेमियाचा ट्रेट (या आनुवंशिक रक्तदोषाचा सौम्य वारसा) असेल तर पेशी लहान होतात. दोन्ही एकत्र आले की सरासरी ८८ येते आणि रिपोर्ट निर्मळ दिसतो. आपल्याकडे ॲनिमिया सर्रास आहे, हिमोग्लोबिनचे आनुवंशिक आजारही कमी नाहीत. म्हणून एमसीव्ही नॉर्मल आहे तेव्हा बी-१२ नकोच, हा युक्तिवाद इथे चालवू नका. त्याच कागदावर आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) वाढलेला आहे का तेवढं पाहा.

तिसरी गफलत रक्त घ्यायच्या आधीच झालेली असते. ‘पाय दुखतात’ म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून बी-१२ चं इंजेक्शन किंवा ‘न्यूरो’ नावाच्या लाल गोळ्या आधीच सुरू असतात. त्यानंतर तपासलं की आकडा १५०० च्या वर जातो आणि मुळात कमतरता होती की नव्हती हे कळायचा मार्ग बंद होतो. आधी रक्त, मग इंजेक्शन, हा क्रम सोडू नये. केस-नखांच्या गोळ्यांतलं बायोटिनही घोळ घालतं. बऱ्याच मशिनची पद्धत बायोटिनवर चालते. रक्तात ते जास्त असलं की बी-१२ आणि डी खोटे जास्त, टीएसएच खोटा कमी दिसू शकतो. अशी गोळी चालू असेल तर दोन-तीन दिवस आधी थांबवायची आणि लॅबला सांगायचं. बुकिंगच्या वेळी हा प्रश्न आपणहून विचारणारी लॅब चांगली समजा.

घरी रक्त घेण्याची सेवा सोयीची आहे, विशेषतः गुडघे दुखणाऱ्यांना आणि मे महिन्यात. पण याच टप्प्यावर खरा फरक पडतो. मुलगा आला की हे पाहा: सुई आणि ट्यूब तुमच्यासमोर फोडली का, ट्यूबवर नाव आणि वय तिथेच लिहिलं का (नंतर लिहितो म्हणाला तर नको म्हणा), जांभळ्या झाकणाची ट्यूब आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी केली का. ती जोरात हलवली तर पेशी फुटतात, न हलवली तर गुठळी होते आणि सीबीसी बाद. पिवळ्या झाकणाची ट्यूब अर्धा तास उभी राहिली पाहिजे आणि साधारण दोन तासांत सेंट्रिफ्यूजमधून (गरगर फिरवून रक्तातला द्रव वेगळा करणारं यंत्र) निघाली पाहिजे. पिशवीत बर्फाचे पॅक असलेला डबा आहे का ते विचारा. नवतपात ४५ अंशांत स्कूटरच्या डिकीत तीन तास फिरलेल्या सॅम्पलमधलं पोटॅशियम वाचण्यात अर्थ नसतो. हाताच्या शिरा बारीक असतील तर बुकिंगलाच ‘बटरफ्लाय सुई लागेल’ असं सांगून ठेवा. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर नंतर पाच मिनिटं सरळ हाताने दाबून धरायचं. कोपरातून हात दुमडला की काळंनिळं पडतं.

होमोसिस्टीन घरून द्यायचं टाळाच. रक्त काढल्यावर तांबड्या पेशी ते बाहेर सोडत राहतात. बर्फावर ठेवलं नाही किंवा तासाभरात वेगळं केलं नाही तर आकडा दर तासाला साधारण दहा टक्के वाढतो. साधारण १५ ही वरची हद्द. सकाळी सातला घेतलेलं सॅम्पल दहाला फिरलं तर १३ चे १७ होतात आणि घरात ‘मेंदूचा धोका’ सुरू. ही तपासणी हवीच असेल तर जिथे सेंट्रिफ्यूज आहे त्या लॅबमध्ये जाऊन रक्त द्या.

उपाशीपोटीचा आग्रह बी-१२, डी, टीएसएच साठी लागत नाही, तो मुख्यतः साखरेसाठी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्या आजोबांना ‘मुलगा अजून आला नाही’ म्हणून नऊपर्यंत उपाशी ठेवू नका, साखर खाली जाते. वेळ टळली तर नाश्ता द्या आणि साखर दुसऱ्या दिवशी. एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) शिक्का पाहताना एक बारकावा: मान्यता लॅबला सरसकट नसते, तपासणीनिहाय असते. रिपोर्टवर बी-१२ किंवा डी पुढे फुली असेल आणि खाली ‘मान्यतेच्या कक्षेत नाही’ असं बारीक अक्षरात असेल, तर त्या आकड्यापुरता शिक्का धरू नये.

आता डी. जाहिरातीतल्या स्मृतिभ्रंशाच्या ओळीचा उगम बहुधा २०१४ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचे डेव्हिड लेवेलिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पासष्टीपुढच्या १६५८ लोकांची सरासरी साडेपाच वर्षांची माहिती तपासली. १७१ जणांना स्मृतिभ्रंश झाला. ज्यांचं डी १० नॅनोग्रॅमच्या खाली होतं त्यांच्यात धोका सव्वादोन पट, १० ते २० मध्ये दीडपट. आकडे मोठे आहेत, पण हा संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. आजारी, घराबाहेर न पडणाऱ्या माणसाचं डी कमी असतंच. नंतर डी देऊन पाहिलेल्या मोठ्या प्रयोगांत, अमेरिकेतल्या ‘व्हायटल’सह, स्मरणशक्तीवर ठोस फायदा दिसला नाही. बी जीवनसत्त्वांचं चित्र थोडं बरं आहे. ऑक्सफर्डच्या ‘व्हिटाकॉग’ प्रयोगात (२०१०) सौम्य विस्मरण असलेल्या सत्तरीपुढच्या लोकांना दोन वर्षं फोलिक ॲसिड, बी-१२ आणि बी-६ दिलं, तेव्हा मेंदू आक्रसण्याचा वेग सरासरी ३० टक्के कमी झाला. ज्यांचं होमोसिस्टीन सर्वांत जास्त होतं त्यांच्यात ५३ टक्के. तरी या गोळ्यांनी स्मृतिभ्रंश टळतो असं त्यातून सिद्ध झालं नाही. स्मृतिभ्रंशावरच्या २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी मोजल्या. ऐकू कमी येणं, रक्तदाब, मधुमेह, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), धूम्रपान, एकटेपणा, नजर कमी होणं हे त्यात आहे, व्हिटॅमिन नाही. ज्या घरी आजोबांचं श्रवणयंत्र कपाटात पडलंय तिथे पॅकेजचे पैसे आधी त्याच्या बॅटरीवर खर्च व्हावेत.

म्हणून डी तपासायचं ते हाडं, स्नायू आणि पडण्याच्या धोक्यासाठी. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये निरोगी माणसांत डी ची सरसकट तपासणी नको आणि पंचाहत्तरीपुढच्यांना न तपासताही रोजचा डी द्यावा, असं सुचवलं. एवढं ऊन असलेल्या नागपुरात डी कमी कसं, असं लोक विचारतात. एप्रिल ते जून म्हातारी माणसं कूलरसमोर असतात, आणि उरलेल्या वर्षात पहाटे अंबाझरीला किंवा फुटाळ्यावर फिरतात. कोवळ्या उन्हात हवे असलेले किरण जवळपास नसतात. खूण सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच त्वचेत डी नीट तयार होतं. डिसेंबरात नागपूरला भर दुपारी बारालाही सावली जेमतेम उंचीएवढी होते. तेव्हा थंडीत साडेअकरा ते साडेबारा, हात आणि पाय उघडे, पंधरा-वीस मिनिटं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही. उन्हाळ्यात मात्र हा प्रयोग करू नका, गोळी घ्या.

रिपोर्टनंतर सर्वांत महागात पडणारी चूक डी च्या ६० हजार युनिटच्या कॅप्सूलची. ती आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे, नंतर डॉक्टर सांगतील तशी महिन्याला एक. पण पाकीट चार किंवा आठचं असतं, बाकीच्या गोळ्या रोजच्या असतात, आणि हीही रोज घेतली जाते. किंवा हाडांच्या डॉक्टरांनी एका नावाने आणि फॅमिली डॉक्टरांनी दुसऱ्या नावाने तेच लिहिलेलं असतं. काही आठवडे असं चाललं की कॅल्शियम चढतं: तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, किडनीवर ताण आणि गोंधळलेपण. म्हणजे विसरणं टाळायला घेतलेल्या गोळीने माणूस बरळायला लागतो. एकदम मोठा डोसही नको. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २२५६ बायकांना वर्षातून एकदा डी चे पाच लाख युनिट किंवा औषध नसलेली दिखाऊ गोळी देऊन पाहिलं (२०१०). डी मिळालेल्यांत पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. उपाय साधा: कॅप्सूल पत्र्याच्या डब्यात न ठेवता कॅलेंडरच्या खिशात ठेवा, रविवार ठरवा, घेतली की तारखेवर फुली. भरल्या जेवणानंतर घ्यावी, तेलातुपाबरोबर जास्त शोषली जाते. सोबत कॅल्शियम असेल तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा.

बी-१२ साठी इंजेक्शनच हवं असं नाही. मुंग्या, तोल जाणं, ठळक विस्मरण किंवा खूप कमी आकडा असेल तर सुरुवात इंजेक्शनने करतात. बाकीच्यांना रोज १००० मायक्रोग्रॅमची तोंडाने घ्यायची गोळी पुरते, कारण एवढ्या मोठ्या डोसातला साधारण एक टक्का आपोआप आत झिरपतो. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांना तर गोळीच बरी. बी-१२ ची मिथाइल आणि सायनो अशी दोन रूपं मिळतात. मिथाइल महाग म्हणून सायनोपेक्षा चांगलं, हे दुकानदाराचं गणित आहे. दोन्ही चालतात, जनऔषधी केंद्रातलंही चालतं. ‘न्यूरो’ मिश्रणांत बी-६ किती आहे ते मात्र वाचा. जास्त प्रमाणात महिनोन्महिने घेतलं तर बी-६ स्वतःच पायांना मुंग्या आणतं. नुसतं फोलिक ॲसिडही सुरू करू नये. हिमोग्लोबिन सुधारतं, मज्जातंतू बिघडत राहतात.

जीवनसत्त्व आणि बुद्धिभ्रंश यांचं उघड, सिद्ध नातं पाहायचं तर पेलाग्रा या आजारात आहे. नायसिनच्या (बी-३) कमतरतेने कातडी करपते, जुलाब होतात, भ्रम होतो. दख्खनमध्ये जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत तो दिसे, आणि हैदराबादला डॉ. सी. गोपालन यांनी ज्वारीतल्या ल्युसिनकडे बोट दाखवलं होतं. आज भाकरीबरोबर वरण, दूध, भाजी असलेल्या घरात याची धास्ती नको आणि पॅकेजमधली बी-३ ची तपासणीही नको. अपवाद एकच, रोज दारू पिऊन जेवण सोडणारा माणूस. त्याला बी-१ लागतं, आणि रिपोर्टची वाट न पाहता लागतं.

पॅकेजची सर्वांत मोठी उणीव अशी की जाहिरातीत स्मृतिभ्रंशाचं नाव असूनही स्मरणशक्ती कुणी तपासत नाही. दहा-पंधरा मिनिटांची तोंडी चाचणी असते: तारीख, वार, पाच शब्द लक्षात ठेवणं, घड्याळ काढणं, शंभरातून सात-सात वजा करणं. आईला पैशाचा हिशोब, गॅस, ओळखीचा रस्ता यांत अडचण येऊ लागली असेल तर बी-१२ नॉर्मल आलं तरी डॉक्टरांना दाखवा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत, मेयो रुग्णालयात किंवा मिहानच्या एम्समध्ये ओपीडीत हे होऊ शकतं. रिपोर्टबरोबर सगळ्या गोळ्यांची पिशवी उचलून न्या. झोपेच्या, सर्दीच्या, लघवीच्या काही गोळ्याही विसरायला लावतात. सोबत माहिती सांगणारं कुणीतरी हवं, कारण ‘मला काही होत नाही’ असंच आई सांगणार.

गोळ्या सुरू झाल्यावर डी तीन महिन्यांनी बघायचं. बी-१२ चा आकडा पुन्हा पुन्हा बघू नये, तो चढणारच. हिमोग्लोबिन साधारण दोन महिन्यांत आणि मुंग्या तीन ते सहा महिन्यांत सुधारल्या का ते पाहायचं. तीन महिन्यांनी लॅबमधून ‘फॉलोअप पॅकेज’चा फोन येईल. तेव्हा सुटी डी सांगा, आणि आधी कॅल्शियम बिघडलं असेल तर तेही. पासष्ट तपासण्या पुन्हा करायचं कारण नाही.